साडेपाच फुटांची झोप

मित्रांनो, विमानतळावरच्या वैमानिकांच्या खोलीत ज्याने बावीस वर्षे नोकरी केली, तो हिरवा, जुना सोफा म्हणजे मी. विमान मी कधी उडवले नाही. पण विमान उडवणाऱ्यांची डोकी मी सांभाळली आहेत. हे काही लहानसहान काम नव्हे.

एका सुताराने मला घडवले आणि त्याच्या बायकोने माझ्यात काथ्या भरून वर रेक्झिन शिवले. "जरा लांब करू का? माणूस आडवा तरी होईल," असे सुताराने विचारले होते. विमान कंपनीचा खरेदी अधिकारी म्हणाला, "आडवं कशाला व्हायचंय? बसायला हवाय." सुताराने खांदे उडवले आणि करवत चालवली. लांबी साडेपाच फूट. दोन्ही टोकांना टणक लाकडी हात.

पहिली वर्षे सुखाची गेली. दोन उड्डाणांच्या मध्ये वैमानिक येत, टोपी खुंटीला अडकवत, चहा पीत, एकमेकांची टर उडवत. एकीने माझ्यावर बसून बाळाच्या नावांची यादी केली, ती तीन पाने झाली. "इथे टेकलं की घरी आल्यासारखं वाटतं," असे कुणी म्हटले की मी फुलून जाई.

मग कंपनीची विमाने वाढली. माणसे मात्र होती तेवढीच राहिली. दोन कामांमधली विश्रांती आखडत गेली. शेवटचा प्रवासी उतरला की ती सुरू झाली असे कंपनी धरत असे. घरी जायचा दीड तास, परत यायचा दीड तास, जेवण, आंघोळ, सगळे त्यातच. उरलेल्या वेळात झोपायचे. त्यामुळे बरेच जण घरी जाईनासे झाले. ते माझ्याकडे येऊ लागले. मी बसण्यासाठी बनलो होतो; आता माझ्यावर माणसे पाळीपाळीने झोपत होती.

त्यातच एक तरुण वैमानिक होता. उंची सहा फूट दोन इंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबत आणि मान माझ्या लाकडी हातावर अवघडून जाई. मला फार वाईट वाटे, पण मी काही वाढू शकत नव्हतो.

एका सकाळी तो उठला आणि पेल्यात पाणी ओतू लागला. पेला भरला, पाणी टेबलावरून त्याच्या बुटांवर सांडले, तरी तो ओततच राहिला. दारात कॅप्टनबाई उभ्या होत्या. वैमानिकांच्या संघटनेच्या त्या सचिव. त्या दिवशी दोघांनी मिळून एक विमान न्यायचे होते.

"किती झोपलास?" त्यांनी विचारले.

"झोपलो ना, मॅडम."

"किती, ते विचारतेय."

"तीनेक तास. तुकड्यातुकड्यांनी." तो खाली बघून म्हणाला, "चालवून नेतो हो मी. रोजच नेतो की."

"तेच तर म्हणतेय मी." बाईंनी कंपनीच्या कार्यालयाला फोन लावला. "आमचा एक वैमानिक उडण्याच्या स्थितीत नाही. हे विमान आम्ही नेत नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

विमान अडीच तास उशिरा सुटले. प्रवासी चिडले. दुसऱ्या दिवशी दोघांच्या हातात पत्र पडले: कामात कुचराई, चौकशी होईपर्यंत उड्डाण बंद. लंबूला मात्र वरून वेगळा निरोप आला. चूक झाली असे लिहून द्या, उद्यापासून कामावर या.

तो कागद घेऊन लंबू दुपारभर माझ्यावर बसून राहिला. पेनाचे टोपण काढायचा, लावायचा. शेवटी त्याने बायकोला फोन लावला. खोलीत एवढी शांतता होती, की तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"चूक केलीस का तू?"

"नाही."

"मग कशाला लिहून देतोस?"

त्याने पेन खिशात टाकले.

संध्याकाळी सगळे वैमानिक त्या खोलीत जमले. बसायला जागा नव्हती. माझ्यावर पाच जण कोंबून बसले होते. "सोमवारपासून एकही विमान उडवायचं नाही!" कुणीतरी ओरडले.

"तशी नोटीस देऊच," कॅप्टनबाई म्हणाल्या. "पण आधी बोलायचं. आणि कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये एकेकट्याने जायचं नाही. बोलावलं तरी नाही. एकट्या माणसाला गप्प करायला एक पत्र पुरतं, हे आपण बघितलंय."

बोलणी वरच्या मजल्यावर सुरू झाली. चौथ्या दिवशी बाई धाडकन दार उघडून आत आल्या. "पगार वाढवतो म्हणतात, पण झोपेचा विषय सोडा म्हणतात. मी सांगितलं, पगार वाढायलाच हवा, पण तो कामाचा. झोप विकायला काढलेली नाही. तर म्हणे, विश्रांतीला खोली आहे, सोफा आहे, अजून काय पाहिजे?" त्यांनी माझ्याकडे बघितले. "उचला रे याला."

मित्रांनो, चार वैमानिकांनी मला खांद्यावर घेतले! लिफ्टमध्ये मी मावलो नाही. जिन्याच्या वळणावर अडकलो, तिथे माझे रेक्झिन टरटर फाटले. पण अशी वरात कुठल्या सोफ्याची निघाली असेल?

"साहेब, दहा मिनिटं झोपून दाखवा," मला मोठ्या साहेबांपुढे ठेवल्यावर बाई म्हणाल्या.

मोठे साहेब हसले, पण सगळे बघत होते म्हणून कोट काढून आडवे झाले. पाय बाहेर. डोके लाकडावर टेकले. ते या कुशीवरून त्या कुशीवर झाले. माझा मधला खड्डा त्यांच्या कमरेत घुसला. त्यात मी मुळीच हात आखडता घेतला नाही. चौथ्या मिनिटाला ते मान चोळत उठले.

"यावर कोण झोपतं?"

"सकाळी तुम्ही ज्या विमानाने आलात, त्याचा वैमानिक," लंबू म्हणाला.

साहेबांचा चेहरा एकदम बदलला. तरीही ताणाताणी आणखी दोन दिवस चालली. रविवारी दुपारी सह्या झाल्या. विश्रांती मोजायची ती वैमानिक घरी पोहोचल्यापासून. पहाटेची उड्डाणे सलग दोनपेक्षा जास्त दिवस नाहीत. थकलो असे सांगणाऱ्याला शिक्षा नाही. दोन्ही पत्रे रद्द. पगार मागितला तेवढा नाही, पण वाढला.

आणि खोलीत सहा पलंग आले. मला कोठारात टाकले, तुटक्या खुर्च्यांच्या ढिगावर. खोटे कशाला बोलू, दोन वर्षे मी धुळीत रुसून होतो. मग सफाई करणाऱ्या बायकांनी मला मागून घेतले. फाटलेल्या जागी त्यांनी जाड दोऱ्याने टाके घातले. आता त्या माझ्यावर बसून डबा खातात. परवा त्यांनी एक अर्ज लिहिला: जेवणाची सुट्टी पुरी मिळावी. सतरा जणींनी माझ्या हातावर कागद ठेवून सह्या केल्या. उद्या अकरा वाजता त्या वर जाणार आहेत. काम होईल, याची मला खात्री आहे. साहेबांची मान अजून दुखत असणार.

मित्रांनो, जुन्या वस्तूला चार टाके घाला, ती पुन्हा कामाला येते. माणसाला मात्र टाके पुरत नाहीत, त्याला झोपच हवी. म्हणून कुणी खरेपणाने "आज मला झेपणार नाही" असे म्हणाले, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याच्या शेजारी उभे राहा.