मला जपू नका

मी एक जुना आरसा आहे. घरातला नव्हे मित्रांनो, वडगाव निंबाळकरच्या मानसिंगतात्यांच्या पांढऱ्या गाडीचा, डाव्या दारावरचा. घडवताना मला एकच काम नेमून दिलं होतं, मागून डावीकडून कोण येतंय ते दाखवायचं. आणि डाव्या कडेला बहुतेक सायकलवालेच असतात.

सुरुवातीला तात्यांना माझं फार कौतुक. "आरसा न्हाय, तिसरा डोळा हाय," म्हणायचे. बारामतीत इंदापूर रस्त्याला लागलो की माझ्यात रोज शगुफ्ताबाई दिसायच्या. त्या घरी ब्लाउज शिवायच्या आणि सायकलवरून गिऱ्हाइकांना पोचवायच्या. एकदा सिग्नलला त्या शेजारच्या स्कूटीवाल्या बाईंना सांगत होत्या, "सासरे म्हणतात, एकदा पडलीस की सायकल भंगारात. मग ब्लाउज काय कबुतरानं पोचवायचे?" दोघी हसल्या. मला मात्र ते लागून राहिलं. तेव्हापासून मी त्यांना अगदी मधोमध धरायचो.

मग एका उसाच्या ट्रॉलीनं मला ओरखडा पाडला. तात्या हळहळले. त्यानंतर गाडी सुरू केली की ते मला मिटायचं बटण दाबत आणि मी कान पाडून खिडकीला चिकटे. मखमली फडक्यानं रोज पुसत, पण उघडत नसत. रस्ता दिसेना. दिसायचा तात्यांचा गाल, आणि जावई रविराज शेजारी बसला तर त्याचं गुटख्यानं भरलेलं तोंड. काच खाली करून तो पचकन थुंके. शिंतोडे माझ्या अंगावर. पण त्याहून जास्त किळस मला माझ्याच चकचकीतपणाची यायची.

परवा सकाळी तात्यांनी एका सायकलला मागं टाकलं, हॉर्न दाबला आणि लगेच डावीकडं गल्लीत गाडी घातली. दाराला काहीतरी घासलं. तात्या उतरले. आधी त्यांनी मला चाचपलं.

"आरसा वाचला," म्हणाले.

"बाई गटारात हायेत, तात्या," कोपऱ्यावरचे चहावाले युनूसभाई म्हणाले. "त्यास्नी बी बघा जरा."

शगुफ्ताबाईच होत्या. कोपर सोललेलं, सायकलचं पुढचं चाक वाकडं, आणि ब्लाउजांची पिशवी तेवढी डोक्यावर धरलेली, कोरडी.

"हॉर्न ऐकू आला न्हाय व्हय?" तात्या म्हणाले.

"आला की. पण जायचं कुठं, गटारात? तितंच तर गेले."

त्या गटारातून वर आल्या. बाईंनी चिखलाच्या बोटांनी मला धरलं आणि कटकन उघडलं.

"मी ह्यात असते, तात्या. तुमी मलाच मिटून फिरताय. आता एवढं चाक सरळ करून द्या. वाकडी सायकल घरी नेली, तर उद्या ती दारात दिसायची न्हाय."

तात्यांनी चाक सरळ करून आणलं. बाईंनी बाही ओढून कोपर झाकलं आणि त्या मागं निघाल्या. माझ्यात त्या लहान लहान होत गेल्या, पण शेवटपर्यंत सायकलवर होत्या.

मला वाटलं, मीही सुटलो. तात्यांनी फडकं काढून माझ्यावरचा चिखल पुसला. गावाच्या अलीकडं पुढं उसाची ट्रॉली दिसली, आणि त्यांचं बोट बटणावर गेलं.

मित्रांनो, सगळ्या वस्तू म्हणतात, आम्हाला सांभाळा. मी उलटं मागतो. मला उघडा ठेवा, पडू द्या ओरखडे. मी फुटलो तर दुसरा बसवता येतो. शगुफ्ताबाईंच्या जागी दुसरं कुणी बसवता येत नाही.