दहाव्या शनिवारचा फाऊल

टेप सापडली हे कळल्यापासून फर्नांद लेव्हासरच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आठवडाभर तो बायकोला सांगत होता, दात दुखतोय.

गोष्ट एकोणचाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा शनिवारी दुपारी बाराला अमेरिकेतल्या आमच्या लुइस्टनच्या रस्त्यांवर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. बीन्सची हंडी ओव्हनमध्ये आणि अख्खं गाव टीव्हीपुढे, कारण टीव्हीवर गावचीच माणसं बोलिंग खेळायची. जोड्यांच्या कारखान्यातला फोरमन, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, पावाच्या दुकानातली बाई. खेळही आमच्याकडचाच: मुठीत मावणारा चेंडू, मेणबत्तीसारख्या सडपातळ पिना, आणि आडव्या पडलेल्या पिना उचलायच्या नाहीत, त्यांतूनच वाट काढायची. भोकं पाडलेले मोठाले चेंडू फेकतात, त्यांना आम्ही खेळाडू म्हणतच नाही.

ल्युसियन कारों, म्हणजे फर्नांदच्या थोरल्या बहिणीचा, रेजानचा नवरा, तेव्हा ओळीने नऊ शनिवार जिंकला होता. आणि काळ्या रेघेशी स्टूल टाकून बसणारा पंच होता फर्नांद. खेळणाऱ्याचा पाय रेघेपुढे गेला की त्याने हात वर करायचा, तो चेंडू बाद. एवढंच काम. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? "घरचाच पंच म्हटल्यावर नऊ काय, नव्वद जिंकेल," असं न्हाव्याकडे बोललं जायचं, तेही फर्नांदच्या गालाला साबण लागलेला असताना.

दहाव्या शनिवारी शेवटच्या चेंडूवर ल्युसियनला जिंकायला चार पिना हव्या होत्या. सहा पडल्या. आणि फर्नांदने हात वर केला.

तेव्हापासून फर्नांद गावात सरळ माणूस ठरला. सख्ख्या मेहुण्यालाही सोडलं नाही, बघा! युनियनची मतं मोजायला तोच, चर्चच्या सोडतीची चिठ्ठी काढायला तोच. ल्युसियनने मात्र त्यानंतर चेंडू हातात धरला नाही. फर्नांदवर तो कधी एका शब्दानेही रागावला नाही, हीच तर पंचाईत. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "फर्नांद म्हणतो पाय गेला, म्हणजे गेला," एवढंच तो म्हणायचा.

फर्नांदला तो पाय अजून दिसायचा. तपकिरी बूट, टोक रेघेच्या दोन बोटं पुढे. टीव्हीवाले टेपा पुसून त्यांवरच पुढचा कार्यक्रम भरायचे, त्यामुळे पुरावा असा कुणाकडेच नव्हता. आता एका कॅमेरामनच्या विधवेला तळघरात एक टेप सापडली आणि ती नेमकी तीच निघाली. एकदा तो बूट सगळ्यांना दिसला की आपण सुटलो, असं फर्नांद स्वतःला बजावत होता. पण मन चिंती ते वैरी न चिंती. नाही दिसला तर?

शनिवारी दुपारी जुन्या बोलिंगच्या हॉलमध्ये पडदा टांगला. पुढच्या महिन्यात हॉल पाडणार होते, म्हणून सगळे लोटले होते. रेजान कॉफीच्या टेबलापाशी बायकांत अडकली होती. ल्युसियन फर्नांदच्या शेजारी येऊन बसला. दोन वर्षांत त्याची नजर इतकी गेली होती की समोर त्याला नुसतं धुकं दिसायचं.

"काय मेहुणे, दात काय म्हणतोय?"

"बरा आहे."

"रेजान सांगत होती, आठवडाभर सूपच पितोयस. माझा फाऊल बघायला एवढा उपास?"

फर्नांद कसनुसं हसला. पडद्यावर चित्र आलं आणि हॉल खुळावला. ती बघ माझी आई! अरे, तो केसांचा टोप कुणाचा? मागे एकजण म्हणाला, "आता तीनशे चॅनल आहेत, पण ओळखीचं एक तोंड नाही."

मग तो चेंडू आला. छत्तिशीतला ल्युसियन चार पावलं धावला, वाकला. कॅमेरा बाजूला होता, कमरेच्या वरचंच दिसत होतं. पाय चित्रात नव्हतेच. फर्नांदने श्वास सोडला, आणि तेवढ्यात त्याला ल्युसियनच्या पाठीमागे स्टुलावर बसलेला तो स्वतः दिसला. मान उंचावलेली, तोंड उघडं, डोळे पिनांकडे. चेंडू सुटायच्या आधीपासून पिनांकडेच. सहा पडल्या, ल्युसियन वळून मागे आला, तेव्हा कुठे पंचाने खाली रेघेकडे पाहिलं. आणि मग हात वर केला.

मग तो बूट? तो त्याने कधी पाहिलाच नव्हता. नंतर केव्हातरी मनाशी घडवला होता, आणि इतकी वर्षं त्याच्या जोरावर झोपला होता. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सगळे ल्युसियनकडेच बघत हळहळत होते.

"दिसला का रे पाय?" ल्युसियनने विचारलं.

"चित्रात नाही. वरचंच दिसतंय."

"मग राहू दे. तुला दिसला होता, तेवढं पुरे." ल्युसियनने आपल्या डाव्या गुडघ्यावर चापट मारली. "हा पायच तसला दगाबाज. सेलिनच्या लग्नात नाचलो नाही मी, आठवतं? पोरगी बापाबरोबर नाचायला हात पुढे करून उभी, आणि मी आपला खुर्चीत. म्हटलं, चारचौघांत पुन्हा कुठे पडला वाकडा तर?"

इथे गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. त्र्याहत्तराव्या वर्षी कोण विचारायला येणार होतं?

"ल्युसियन, मी तुझ्या पायाकडे बघत नव्हतो."

"केव्हा?"

"तेव्हा. पिनांकडे बघत होतो. आत्ता पडद्यावर दिसलं."

पडद्यावर दुसऱ्याच कुणाला कप मिळत होता. हॉलमधले लोकही टाळ्या वाजवत होते.

"मग हात का वर केलास?"

"लोक बोलत होते. घरचाच पंच म्हणत होते."

"मला विचारायचंस तरी. मी सांगितलं असतं, पाय मागे आहे म्हणून. तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं. मग तू हात वर केलास, आणि मला वाटलं, माझंच चुकलं."

तो उठला आणि समोरच्या खुर्चीची पाठ चाचपू लागला. फर्नांदने दंड पुढे केला, तो त्याने धरला नाही.

"रेजानला बोलाव. मला घरी जायचंय."

फर्नांद गर्दीतून बहिणीकडे निघाला. लेकीच्या लग्नात तिचा नवरा का नाचला नाही, ते आता तिलाही सांगायचं होतं.