कागदावरचा पगार

शोलपान माझी धाकटी जाऊ. बाई वाईट नाही, पण दर महिन्याच्या दहा तारखेला तिला पाहिलं की माझ्या पोटात दुखतं. त्या दिवशी आम्हा दोघींची पेन्शन येते. तिला एक लाख पंच्याऐंशी हजार टेंगे आणि मला एक लाख दहा.

काम एकच केलं आम्ही. तराझ शहरातल्या एका पडद्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं शेजारीशेजारी मशीनवर बसलो. रुजू होताना मालकाने दोघींना विचारलं होतं, "सगळा पगार कागदावर घ्यायचा की निम्मा पाकिटात?" कागदावर घेतला तर कर कापणार, पेन्शनचे पैसे कापणार. मी म्हटलं, पाकीट द्या. शोलपान म्हणाली, कागदावर.

तेव्हा सगळा कारखाना तिला हसला, मी सर्वांत मोठ्याने. कोणाच्याही मुलाचं लग्न असो, मी गालिचा घेऊन जायची आणि ती टॉवेलांचा संच. मानाच्या जागी कोणाला बसवायचे? मला. पाकिटातले पैसे असे एकेका समारंभात गेले. आता तीच शोलपान दर उन्हाळ्यात गुडघ्यांसाठी गरम झऱ्यांवर जाऊन येते, आणि मी गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, तोगझानला, फर्निचरच्या दुकानात नोकरी लागली. बातमी सांगायला आली, तेव्हा नेमकी शोलपान माझ्याकडे चहाला बसलेली. तोगझान म्हणाली, "आई, मालक अडीच लाख देतो म्हणतोय. पण कागदावर फक्त पंच्याऐंशी हजार, बाकीचे हातात. सगळे कागदावर घेतले तर कापून दोन लाखच मिळतील. घराचा हप्ता आहे गं. काय करू?"

मी तोंड उघडायच्या आत शोलपान बोलली, "कागदावरच घे, पोरी. म्हातारपण लांब आहे म्हणू नकोस. उद्या बाळंतपण आलं तर त्याचेही पैसे कागदावरच्या पगारावर ठरतात. हवं तर ताईंनाच विचार."

त्या 'ताईंनाच विचार'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच घरात, मीच तळलेले पिठाचे बौरसाक खात ही मला शहाणपण शिकवणार! ती बोलली ते खरं होतं. दर दहा तारखेला ते मला कळत होतं. पण तिच्या देखत माझ्या तोंडून 'हो' निघेना.

"काकूला काय जातंय सांगायला? तिला कुठे हप्ते आहेत?" मी म्हटलं. "हातात येतील ते आपले. पाकीट घे."

शोलपानने चहा पुरे म्हणून पेला पालथा घातला आणि विषय बदलला. मला जिंकल्यासारखं वाटलं.

या वसंतात तोगझानला मुलगी झाली. बाळंतपणाचे पैसे पंच्याऐंशी हजारांच्या हिशेबाने आले. हप्ता मात्र पूर्वीइतकाच राहिला. पोर तीन महिन्यांची झाली आणि तोगझान पुन्हा कामावर जायला निघाली. दुकानात तिच्याबरोबरच लागलेली एक मुलगी सगळा पगार कागदावर घ्यायची. ती वर्षभर घरी बसून बाळाला अंगावर पाजतेय, हेही तोगझाननेच मला सांगितलं. सांगताना काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांवर पाजायच्या वेळा लिहीत होती. अंगातला झगा पुढून दुधाने ओला झाला होता, तो बदलायला आत गेली.

ती बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चिडली असशील माझ्यावर."

"नाही गं. काकू म्हणाली होती, तू नको म्हणालीस. मला वाटलं, तू आई आहेस, माझ्याकडे बघूनच सांगत असशील."

'पैशांकडे बघून सांगितलं' असं म्हणता आलं असतं. तिला पटलंही असतं.

"तुझ्याकडे बघून नव्हतं सांगितलं," मी म्हटलं. "शोलपानकडे बघून सांगितलं."

तोगझानने बाळ माझ्या हातात दिलं. बस चुकेल म्हणाली आणि गेली.