पलूसचा सर्व्हर

एकोणीसशे नव्याण्णव साली हळद संघानं सांगलीचे भाव कॉम्प्युटरवरून गावोगाव धाडायचं काढलं. पण सांगलीत विश्रामबागेतल्या सर्व्हरला सकाळी सगळी गावं एकदम फोन लावायची, आणि लाइन अशी तुंबायची की भाव पोचेपर्यंत उकडून वाळवलेल्या हळदीलाही कोंब फुटायचे!

म्हणून भावांची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर गावांच्या जवळ बसवायचा होता. कुठं, ते संघाची इंजिनिअर संयोगिता सांगणार होती. कुठल्या गावाचा फोन कुठून जातो ते तिनं हिंडून तपासलं, बहुतेक तारा एकाच गावात येऊन मिळत होत्या, आणि ती भर सभेत म्हणाली, "पलूस."

अध्यक्ष तात्याबा मिशीत हसले. "म्हायेर कुठलं म्हनं बाईंचं?"

"पलूसच की!" मागून कुणीतरी ओरडलं. "आईच्या परड्यात सर्व्हर, आन् संघाच्या जीपनं लेकीच्या फेऱ्या!"

सभा खदाखदा हसली. संयोगिताची कानशिलं तापली, कॉलेजातली भाषा पार गळून पडली.

"सर्व्हर पलूसलाच बसंल. आन् त्यो तिथं हाय तवर मी पलूसात पाऊल ठेवनार न्हाई. आता बोला!"

सर्व्हर पलूसला बसला. भाव असे सुसाट पोचायला लागले की व्यापाऱ्यानं तोंड उघडायच्या आत शेतकरी "न्हाई परवडत" म्हणून मोकळा.

मग एकदा यंत्र अडलं. संयोगिता विश्रामबागेतून फोनवर अशी कडाडली की पलूसकरांनी रिसीव्हर खाली ठेवला तरी स्वच्छ ऐकू येत होतं. यंत्र भेदरून चालू झालं. तेवढ्यात लेकीचा आवाज ऐकून धावत आलेल्या तिच्या आईनं, मनुबाईनं रिसीव्हर घेतला.

"संयू, दिवाळी गेली, संक्रांत गेली. यंत्राची इचारपूस करतीस, माजी न्हाई?"

फोन आपटून ती थेट तात्याबांपुढं उभी राहिली.

"आवं, जावा की म्हायेरी," तात्याबा म्हणाले. "कोन अडवतंय?"

"तुमी! भरल्या सभेत मला लबाड ठरवलंत. भरल्या सभेतच म्हना, पोरीचा हिशेब खरा व्हता. मंग सोडते शपथ."

"म्हनू की. लय मोठं काम हाय व्हय?"

पुढच्या सभेत तात्याबा खतावर बोलले, रस्त्यावर बोलले, स्वतःच्या गुडघ्यावरही बोलले. बसायला लागले तशी संयोगितानं माइक उचलून त्यांच्या तोंडापुढं धरला.

"म्हना."

तात्याबांनी घसा खाकरला.

अजून खाकरतायत. आणि तिनंही माइक खाली घेतलेला नाही.