मलिद्याच्या परातीचं भोक

मी एक जुनी पितळी परात आहे. मित्रांनो, जुनी म्हणजे किती, ते मला ठोकणाऱ्या पेणच्या तांबटालाच ठाऊक. नॉर्माच्या सासूबाईंनी मला साड्यांत गुंडाळून कॅनडात, टोरंटोजवळच्या स्कारबरोला आणलं. आमचं घर बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं. कुणाचा नवस फेडायचा असला की माझ्यात मलिदा कालवला जायचा: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन सगळे मूठमूठ खायचे आणि माझंही कौतुक करायचे. मग पुन्हा बेसमेंट, विंटर टायरांच्या मागे. तक्रार नव्हती.

गेल्या मार्चात नॉर्माच्या अकरा वर्षांच्या मुलीने, गीलाने मला वर स्वयंपाकघरात आणलं. छातीशी धरून. आणि

◯

हे भोक आहे. इथली वाक्यं गेली.

पलीकडच्या घरात एक माणूस रायफल साफ करत होता. अस्वल आडवं करणारी रायफल. लायसन्स होतं. सगळं कायदेशीर होतं! गोळी दोन भिंतींतून आली, माझ्यातून गेली, गीलाच्या खांद्यात शिरली. गीला वाचली. तिचा उजवा हात आता वर जात नाही.

नॉर्माने पत्र लिहिलं: अशा रायफलींवर कडक नियम हवेत. खासदाराच्या ऑफिसातून उत्तर आलं, पोलिसांनी पाठिंबा दिला तर मागणीला वजन येईल. म्हणजे पत्रावर पोलिसांची सही हवी. नॉर्माने नवस केला: सही झाली की मलिदा.

आणि तिच्या मोठ्या दिराने, रूबेनने, घोळ घातला.

"नॉर्मा, आधी तोंड गोड करू. इन्स्पेक्टर आपला मराठी आहे, जयदीप. नाही कसा म्हणेल?"

नवस पुरा व्हायच्या आधीच मलिदा! आणि माझ्या भोकाला त्याने खालून फॉइल चिकटवलं. इन्स्पेक्टरसमोर बरं दिसत नाही म्हणे. मी संतापले. पण परातीला विचारतं कोण?

पोलीस स्टेशनात, आपल्या टेबलाशी बसून जयदीपने दोन मुठी खाल्ल्या. "काकू, सो गुड! आजीची आठवण आली."

"सही?" नॉर्माने पत्र पुढे सरकवलं.

"पर्सनली मी तुमच्याच बाजूने आहे, काकू. पण ऑफिशियली... इट्स कॉम्प्लिकेटेड."

"अहो, अजून थोडा घ्या ना," रूबेन म्हणाला.

"दादा, तुम्ही गप्प बसा!"

नॉर्माने मला उचललं आणि फॉइल ओरबाडून काढलं. ओले पोहे भोकातून पत्रावर पडले, सहीच्या कोऱ्या जागेवर.

टप.

टप.

"ऑफिशियली माझ्या मुलीला स्वतःची वेणी घालता येत नाही," ती म्हणाली. "खा. आता खा ना!"

जयदीपने हात मागे घेतला. "नवीन प्रिंट आणा, काकू. आय विल ट्राय."

"नवीन नाही. हेच पत्र. आणि सही होईपर्यंत परात इथेच राहील."

आज सोळावा दिवस. मी त्याच्या टेबलावर आहे, पत्र माझ्या खाली. तो माझ्याकडे बघायचं टाळतो. काल कुणीतरी माझ्यात पेपरक्लिपा टाकल्या. मी मलिद्याची परात आहे, तुमची कचरापेटी नाही!

मित्रांनो, जुन्या भांड्याने शेवटी म्हणायचं असतं: आम्हाला जपा, घासा, लख्ख ठेवा. मी तसं म्हणणार नाही. माझं भोक बुजवू नका. तुमच्या भागातल्या पोलिसांकडे जा आणि विचारा, सही केलीत का? आणि ती होईपर्यंत कुणाचंही तोंड गोड करू नका.