बरोबरीचे गडी

"पुढच्या आठवड्यापासून दाढ्या बंद," असं म्हणून ह्यांनी ताट पुढे ओढलं.

मला वाटलं, थट्टा आहे. हा माणूस जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवत आलेला. आमच्या रस्त्यावर सलूनं चिक्कार, पण उघड्या वस्तऱ्याने घोटून दाढी करणारे एवढे हेच उरलेत. गिऱ्हाईक त्यासाठी तर येतं. केस काय, कुठेही कापून मिळतात. म्हणून मी विचारलं, दाढ्या बंद, मग आलेल्या माणसाचे गाल कुरवाळून पाठवणार का? हे हसले नाहीत. शेजारच्या खुर्चीवाल्याला सांगून झालं होतं, पाटीही रंगवायला टाकली होती. घरात सगळ्यात शेवटी मला कळतं, ही आमच्याकडची जुनीच रीत.

मी दवाखान्यात नंबर पुकारते. दिवसभर लोकांची खरी-खोटी दुखणी ऐकून माझे कान तयार झालेत. ह्यांच्या आवाजात मला खरं दुखणं ऐकू आलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक शब्द बाहेर पडला, आणि सगळं ऐकून हसावं की रडावं तेच कळेना. हे गेममध्ये हरत होते.

हा गेम आमच्या घरात आणला पुतणीने. थोरले दीर गेल्यावर हे संध्याकाळचे भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून दिरांच्या ह्या मुलीने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात बंदुकीचा खेळ घातला. पाच जण इकडे, पाच तिकडे, कुठले कुठले अनोळखी लोक इंटरनेटवर जमतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात. तिने ह्यांचं तिथलं नाव ठेवलं 'वस्तरा'. पन्नाशी उलटलेला माणूस चष्मा सावरत, कानाला हेडफोन लावून भिंतीआडून डोकावतोय, हे बघून मी पहिल्या दिवशी पोट धरून हसले होते. आधी सपाटून मार खायचे. मग हात बसला, जिंकायला लागले, आणि जिंकले की जेवताना दोन घास जास्त जायचे. आता मात्र काही महिने अर्धेअधिक डाव हातचे जात होते. ह्यांनी वळून नेम धरेपर्यंत समोरचा गोळी घालून मोकळा झालेला असायचा.

"अहो, पोरंटोरं असतात ती. दिवसभर दुसरं करतात काय," मी म्हटलं.

"पोरं आधीही हीच होती. त्यांना मी हरवत होतो." हे ताटात बोट फिरवत राहिले. "पोरं तीच, खेळ तोच. मग बदललं कोण?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारण थोरले दीरही न्हावीच. दोघे भाऊ एकाच सलूनमध्ये शिकले, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हात ह्यांच्यापेक्षा सफाईचा. मग तो हात थरथरायला लागला. त्यांनी लपवलं आणि आम्ही सगळ्यांनी लपवू दिलं. थकवा असेल, झोप झाली नसेल, असं ज्याला जे सुचेल ते सांगत राहिलो. एक दिवस जुन्या गिऱ्हाइकाचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत कापला गेला. तो भला माणूस, टॉवेल दाबून मुकाट्याने निघून गेला. दिरांनी सलूनला कुलूप लावलं आणि परत कधी त्या रस्त्याने गेले नाहीत. पुढे पुढे त्यांना चमचाही धरवेना. हे रोज त्यांना भरवायला जायचे.

तेव्हाच ह्यांनी मनाशी ठरवलं होतं म्हणे, की आपल्यावर ती वेळ आली तर कुणाचा गाल कापायच्या आत आपण थांबायचं. पण ओळखायचं कसं? सलूनमध्ये काही कळत नाही. तेच गाल, त्याच हनुवट्या, हाताला वाट पाठ झालेली. म्हणून हा पठ्ठ्या त्या खेळात स्वतःला तपासत होता. जिंकलो की हात शाबूत. आणि आता हरत होते.

मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला. तर म्हणे, डॉक्टरने सांगितलं त्या दिवशी दादा खरा आजारी पडला, मला नाही यायचं. ह्या घराण्यात सगळ्यांची डोकी एकाच साच्यातली आहेत.

बाहेरून मी ह्यांना ओरडत होते, पण आतून घाबरले होते. फार घाबरले होते. भीती एकदा घरात शिरली की पाहुण्यासारखी बसत नाही, ती आपली सगळीकडे हिंडते. ह्यांनी कप ठेवताना बशी वाजली की मी हातातलं काम टाकून वळायचे. शर्टाचं बटण लावायला जरा वेळ लागला की मी दाराआडून बघत उभी. हे चिडायचे. म्हणायचे, एक तू तेवढी राहिली होतीस माझे हात बघायची. बघणार नाही तर काय करणार? वस्तरा सोडला तर ह्या माणसात काय उरेल, ते मला दिसत होतं. दिरांमध्ये काय उरलं होतं ते मी पाहिलं होतं.

शेवटी पुतणीला फोन केला. तिच्या बापाचं दुखणं ते, फोनवर कसं काढणार? एवढंच म्हटलं, काका त्या गेममध्ये हरताहेत, एकदा येऊन जा. ती सलूनच्या सुट्टीच्या दिवशी आली. विमानतळावर लोकांच्या बॅगा तपासायला बसते ती. केस पोरासारखे बारीक, जीभ माझ्यासारखी. लहानपणापासून आम्ही तिला भिंगरी म्हणतो.

भिंगरी ह्यांच्या मागे उभी राहून बघत होती. हे एक डाव हरले. दुसराही हरले, थोडक्यात. आणि ही बया चक्क हसायला लागली.

"काका, अहो काय माणसं आहेत समोर! ह्यांच्याशी तुमची गाठ कधीपासून घालतात?"

"घालतात म्हणजे? जो येईल तो येतो."

जो येईल तो येत नाही, असं म्हणून तिने स्टूल ओढलं आणि समजावून सांगितलं. हा गेम प्रत्येकाच्या नावावर एक आकडा ठेवतो, पण तो दाखवत नाही. जिंकलात की आकडा चढतो, हरलात की उतरतो. आणि डाव लावताना सारख्या आकड्याची माणसं शोधून एकत्र बसवतो, कारण एकतर्फी सामन्यात कुणाला मजा नसते, लोक खेळ सोडून जातात. काका जिंकत गेले तसे समोर तगडे गडी येत गेले. आकडा जिथे स्थिर होतो तिथे माणूस साधारण निम्मे जिंकतो, निम्मे हरतो. शेंड्यावरचे मूठभर सोडले तर सगळ्यांची हीच गत. ती स्वतःही निम्मे हरते.

मला पटकन कळलं. कुस्तीची जोड लावतात, तसंच हे. पण ह्यांचा चेहरा काही सैल होईना.

"माझी समजूत काढू नकोस," हे म्हणाले. "दादाचीही आम्ही सगळे अशीच समजूत काढत होतो."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. आपल्याला कशासाठी बोलावलंय, ते तिला आत्ता कळलं. तिचं हसू गेलं. ती थोडा वेळ ह्यांच्या माउसवरच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, उठा, जरा खुर्ची द्या मला. तिने 'वस्तरा' बंद केला आणि दुसऱ्या कुठल्याशा नावाने नवं खातं उघडलं. त्या खात्यावर एकही डाव झालेला नव्हता. मग तिने ह्यांना परत खुर्चीत बसवलं.

काय सांगू, समोरचे सगळे येडबंबू! एक भिंतीला नाक लावून उड्या मारत होता. एक आभाळाकडे बघत स्वतःभोवती गोल फिरत होता. हे कोपऱ्यावरून वळले की त्यांनी बंदूक उचलायच्या आत ह्यांची गोळी लागलेली. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यात ह्यांनी मधेच विचारलं, ही माणसं आहेत तरी कोण?

"सुरुवातीला तुम्ही ज्यांच्याकडून मार खात होतात, ती. तुम्ही कोण आहात ते गेमला अजून कळलेलं नाही."

समोर तो आभाळ बघणारा परत आला होता. ह्यांनी नेम धरला आणि बोट काढून घेतलं. "ह्याला अजून मान खाली करता येत नाही," हे म्हणाले. "ह्याला काय मारायचं?" आणि त्या बिचाऱ्याने चाचपडत ह्यांनाच गोळी घालेपर्यंत हे तसेच थांबले. भिंगरी म्हणाली, काळजी करू नका, पाच-दहा डावांत तुम्हाला इथून उचलून वर टाकतील, हा आपल्या कच्च्या लिंबांत सुखी राहील.

"मग वर्षभर मी मोजत काय होतो?"

"समोरच्याला. काका, गेम कुणाचे हात तपासत नाही. त्याला फक्त सामना रंगवायचा असतो. हात खरंच बिघडले असते ना, तर आकडा उतरला असता, समोर अशी लिंबं आली असती आणि तुम्ही तरीही निम्मे जिंकला असतात. तुम्हाला पत्ताही लागला नसता." मग म्हणाली, "हातांचं डॉक्टरांना विचारा. बाबांनी फार उशिरा विचारलं."

ह्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. छातीवरून कुणी पोतं उचलून घ्यावं, इतकं हलकं वाटलं मला. तशीच ओल्या तोंडाने बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, माझ्यावर नाही, डॉक्टरवर नाही, गोळ्या घालणाऱ्या पोरांवर विश्वास ठेवलात, शाब्बास. हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

पुढचं सांगून टाकते. दोन दिवसांनी हे माझ्याच रांगेत येऊन बसले. ह्यांचा नंबर मी गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच पुकारला. डॉक्टरांनी गोल काढायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, चालवून पाहिलं आणि सांगितलं की हात उत्तम आहेत, चष्मा तेवढा बदला. पाटीवाल्याला मी आधीच फोन करून ठेवला होता. पण माझ्या लेखी निकाल लागला तो डॉक्टरकडे नाही, तो लागला त्या सुट्टीच्या संध्याकाळी, भिंगरी निघता निघता.

चपला घालून ती दारात उभी होती. मानेवरून हात फिरवत म्हणाली, "काका, मागचे केस वाढलेत. करून देता?"

"तुमच्या तिकडच्या सलूनमध्ये कर. मशीन फिरवतात दोन मिनिटांत."

"बाबा वस्तऱ्याने करायचे," ती म्हणाली. "त्यांच्यानंतर मी कुणाला वस्तरा लावू दिलेला नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटीत कोमट पाणी आणून ठेवलं. भिंगरीने चपला काढल्या, दिव्याखाली स्टूल ओढलं, आमच्याकडे पाठ करून बसली आणि मान पुढे वाकवली. ती मान मी ती शाळेत असल्यापासून पाहत आलेय. बारीक, खाली एक तीळ.

ह्यांनी वस्तरा उघडला आणि आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग डाव्या अंगठ्याने कातडी ताणून धरून ह्यांनी पातं टेकवलं. खर्र, खर्र, एवढाच आवाज. भिंगरी आधी विमानतळावरच्या कुठल्या बाईच्या बॅगेची गंमत सांगत होती, ती मधेच थांबली. हे तिळाला वळसा घालून गेले, दोन्ही कानांमागे गेले, फुंकर मारून केस उडवले, ओल्या फडक्याने मान पुसली.

"झालं," हे म्हणाले.

ती मान वर करेना.

"झालं गं."

"थोडा वेळ असंच राहू दे, काका."

ह्यांनी वस्तरा मिटून खिशात टाकला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.