मैलाच्या दगडाचा आवाज

“काका, एकदाच म्हणायचं. दोनदा नको,” पायल रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेपलीकडून पाचव्यांदा म्हणाली.

जालिंदरनं कानाची पाळी धरली. पण सवय अशी सुटते होय! चौतीस वर्षं त्यानं पाटणच्या एसटी स्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारल्या होत्या. तिथं प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचंच असतं. पहिल्या खेपेला निम्मी माणसं गप्पांत असतात.

पायल त्याच्याच आळीतली. पुण्याला कार्टूनचं शिकली आणि आता साताऱ्यात अर्ध्या तासाचा सिनेमा काढत होती. त्यात एका लाल गाडीची गावाची पाटी घाटात पडते. मग ती बिचारी भेटेल त्याला विचारत सुटते, माझं गाव कुठलं, मी धावते कशासाठी? शेवटी तिला मैलाचा दगड भेटतो. त्या दगडाला आवाज जालिंदरचा, आणि स्टँडवरच्या पुकाऱ्यालाही.

त्याला हे फार हवं होतं. लग्नाआधी गावच्या यात्रेतल्या नाटकात त्यानं काम केलं होतं, आणि एका प्रवेशाला बायाबापड्या डोळ्यांना पदर लावून रडल्या होत्या. पुढच्याच वर्षी नोकरी लागली. यात्रा म्हटलं की जादा गाड्या, जादा गाड्या म्हटलं की रजा बंद. गावात पडदा वर जायचा तेव्हा हा स्टँडवर घसा कोरडा करत बसलेला. दरवर्षी म्हणायचा, औंदा रजा घेतोच. शेवटी एकदाची निवृत्ती मिळाली, तोवर गावचं नाटकच बंद पडलं होतं.

रेकॉर्डिंग करून आला आणि त्यानं सगळ्या आळीला सांगून टाकलं. त्याच्या बायकोनं, अंबूबाईनं, तर माहेरीही फोन लावला. “आमचं हे शिनेमात हायेत. दिसत न्हाईत, पर हायेत!”

रविवारी दुपारी साताऱ्यात खेळ होता. शेजारचा आप्पासोही सोबत आला. पडद्यावर पहिल्यांदा स्टँड आला आणि कर्ण्यातून जालिंदरचा आवाज घुमला, “कराडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.” लगेच पुन्हा तेच.

“आला रं गडी!” आप्पासोनं शिट्टी मारली. जालिंदर हसला. त्याचं खरं काम पुढं होतं.

लाल गाडी डोंगर चढली, उतरली, धुक्यात चुकली. दगडाजवळ येऊन थांबली. जालिंदर खुर्चीच्या कडेला सरकला. दगड बोलायला लागला, तो आवाज भरदार होता, गोड होता. जालिंदरचा नव्हता.

अंबूबाईनं त्याचं मनगट धरलं. “त्या दिवशी तुमाला सर्दी झालती व्हय?”

“न्हाई.”

“मग ह्यो कोन?”

आजूबाजूची माणसं डोळे पुसत नाक ओढत होती.

बाहेर पायल कोपऱ्यात उभी होती. “काका, आधी सांगायला पाहिजे होतं. धीरच झाला नाही. दगडही गाडी पुकारतोय असंच वाटत होतं, म्हणून मग…”

“चांगलं केलंस पोरी. लय भारी झालाय शिनेमा.” ते खरंच होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

आप्पासो साताऱ्यातच लेकीकडे राहिला. कराडला हे दोघं गाडी बदलायला उतरले आणि बाकावर बसले.

“राग आलाय व्हय?” अंबूबाईनं विचारलं.

“राग कशाचा? आजवर मी बोललो की मानसं उठून पळाली. ती बी गाडी धरायला. एकदा कुनीतरी बसून ऐकावं, असं लय वाटत हुतं गं.”

अंबूबाई त्याच्याकडे वळून बसली. “मग त्ये दगडाचं म्हना की. मी बसलीया न्हवं.”

“हितं? येडी का काय!”

“म्हना वं.”

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. घसा खाकरला. “पोरी, मी कुठंच गेलो नाही. इथंच उभा राहिलो. पण जे गेले, त्यांना गाव किती लांब राहिलं ते मी सांगितलं.” आवाज कापत होता, तरी तो म्हणत राहिला.

पाटणची गाडी लागली. माणसं खिडक्यांतून रुमाल टाकायला धावली. जालिंदर थांबला. अंबूबाई जागची हलली नाही.

“फुडं?”

“फुडं न्हाई. एवढंच लिवलं हुतं.”

“नसंना लिवलं. तुमच्या मनचं म्हना.”

गाडी भरली, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी वळून फाटकाबाहेर गेली. जालिंदर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

“मलाबी जायाचं हुतं, पोरी,” दगड म्हणाला.